डोंगर नसलेला बोगदा

सन एकोणीसशे सेहेचाळीस. मला साठ सरून एकसष्टावं लागलं होतं, आणि तोवर पुण्याच्या पलीकडे मी गेलो नव्हतो. एका शब्दापायी बेंगळूरला जावं लागलं.

झालं असं. पलटणीतून सुटून आलेला आमच्या दहिवलीचा शिवा कशेळ्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, "काका, तुमचा दत्तू बेंगळुरात भेटला. मजेत हाय. बोगद्यात कामाला हाय तिथं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

मी घाटात रेल्वेच्या गँगवर जन्म काढला, शेवटी मुकादम झालो. थोरला मुलगा म्हादू माझ्याच गँगवर. बोगद्यात गाडी आली की भिंतीतल्या कोनाड्यात शिरायचं आणि तोंड भिंतीकडे करायचं. एके दिवशी आम्ही सगळे शिरलो, म्हादू पोचला नाही. तेराव्याला चारचौघांदेखत मी धाकट्या दत्तूला बजावलं होतं, बोगद्यात पाऊल टाकलंस तर या घरात टाकू नकोस. मी बोललेलं फिरवत नाही. सगळ्या दहिवलीला ठाऊक आहे.

दत्तू माथेरानला हातरिक्षा दुरुस्त करता करता सुतारकीत तयार झाला. तिथे हवा खायला आलेल्या एका साहेबाने त्याला विमानांच्या कामावर नेला. विमानाचं एक ठीक. पण हे बोगद्याचं काय?

"जाऊन बगा तरी," दत्तूची आई म्हणाली. "न बगता पोराला तोडू नका."

घाट चढताना ओळखीचे बोगदे एकेक आले. दर वेळी मी डोळे मिटले. पुण्याला गाडी बदलली, तर पाहतो काय, रूळ अरुंद! एवढ्याशा रुळांवर एवढी माणसं कशी तोलतात ते देव जाणे. मी सारा प्रवास बाकाची कड धरून बसलो. बेळगाव सुटलं आणि लोकांचं बोलणंही कळेनासं झालं.

बेंगळूरला टांगेवाल्याला म्हटलं, "विमानवाला बोगदा जाना है." त्याला समजेना. मी हातांनी कमान करून दाखवली.

"सुरंग? अरे बाबा, इदर पहाडच नै, सुरंग किदर से लाऊं?"

मी चारी दिशांना पाहिलं. खरंच सपाट माळ. डोंगर नाही तर बोगदा कशात खणतात? मग खोटं बोललं कोण, शिवा का दत्तू?

वाटेत एका खानावळीत जेवलो. पानात मुद्दे (नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा) आलं. आपल्याकडे नाचणीची भाकरी होते, म्हणून मी तसाच चावत बसलो. टाळ्याला चिकटलं. वाढणारी म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि न चावता गिळायची खूण केली. अन्न न चावता गिळायचं, डोंगर नसताना बोगदा काढायचा. मुलूखच उलटा.

पुढे माळावर शेडीच शेडी. अर्ध्या जुन्या, अर्ध्या अजून बांधायच्या. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की टांग्याचं घोडं बिथरलं. तिथे विचारत विचारत दत्तूला गाठला. अंगावर भुसा, कानावर पेन्सिल.

"बाबा! तुमी?"

"बोगद्यात काम करतोस?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली. मग म्हणाला, "करतो. म्हनून तर दोन शिमगे घरी आलो नाय. तुमी बोलला होता."

माझाच पोरगा.

त्याने आत नेलं. एक भलामोठा नळ दालनभर वळसा घालून पुन्हा स्वतःलाच मिळालेला. मध्ये एके ठिकाणी उघडा, तिथे तारांवर हातभर लांबीचं लाकडी विमान. दत्तूने घडवलेलं.

"याचं दुसरं तोंड कुठाय रं?"

"नाय बाबा. वारा फिरून फिरून इथंच येतो. साहेब याला वाऱ्याचा बोगदा म्हनतात."

"आन इमान?"

"ते जागेवर. वाऱ्यात कसं टिकतं ते साहेब मोजतात. टिकलं तर मग पुढं मोठं करायचं."

आमच्या बोगद्यात वारा उभा असतो आणि गाडी पळते. इथे गाडी उभी आणि वारा पळतो. मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात कुणीतरी नळातला मोठा पंखा चालू केला.

आधी घरघर. मग तो आवाज वाढत वाढत आला, अगदी तसाच. मला काही सुधरलं नाही. मी दत्तूला धरलं, भिंतीशी नेलं, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि त्याच्या पाठीवर रेलून उभा राहिलो. साहेब लोक बघत होते. दत्तू हलला नाही. आवाज थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

"गेली, बाबा," तो हळूच म्हणाला.

स्टेशनवर त्याने विचारलं, "शिमग्याला येऊ का?" मी डब्यात चढलो. काय सांगणार? आवाज तर बोगद्याचाच होता.

परतताना घाटात डोळे उघडे ठेवले. प्रत्येक बोगद्यावर डोंगर होता, खाली रूळ होते, प्रत्येकाला दुसरं तोंड होतं.

दारातच दत्तूच्या आईने धरलं. "मग? बोगदा हाय का नाय?"

"वारा हाय, पन कुटं जात नाय. इमान हाय, पन उडत नाय."

"अवो, मी काय इचारते, तुमी काय सांगता! गाडी येते का तिथं?"

"नाय."

"मग झालं," म्हणून ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतच्या पोस्टात जाऊन कार्ड घेतलं आणि माझ्या हाताने लिहिलं, "मी नीट पाहिले. तो बोगदा नव्हे. शिमग्यास घरी ये." येताना शिवाला गाठून दम दिला, "त्याला पुन्ना बोगदा म्हनायचं नाय, कळलं?"

"मग काय म्हनू, काका?"

मी हातांनी कमान करायला गेलो आणि हात तसेच मागे घेतले.