गादी मावेल अशी गाडी

क्लिफर्डनं गाडी बघताना इंजिन शेवटी बघितलं. आधी मागचा दरवाजा उघडला, आत हात पसरून लांबी मोजली आणि विकणाऱ्या निवृत्त मास्तरांना विचारलं, “यात माणूस आडवं होईल का?”

मास्तर जरा चपापले.

“झोपायला हो,” क्लिफर्डनं खुलासा केला. “बायको आहे माझी. तिला फार वेळ बसवत नाही.”

जन्मभर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या गावांचे बोअरचे पंप दुरुस्त करत फिरलेला हा माणूस. चार वर्षांपूर्वी बायकोच्या किडन्या गेल्या आणि गाव सोडून दोघं अ‍ॅलिस स्प्रिंग्जला येऊन राहिले, कारण मशीन तिथं. सोमवार, बुधवार, शुक्रवार रक्त धुवून घ्यायचं. शुक्रवारनंतर मध्ये दोन दिवस मोकळे मिळतात, तेवढ्यात गावी जाऊन आपल्या मातीवर निजून यावं, एवढंच तिचं मागणं. “मला एकदा घरी ने रे,” म्हणायची. गावाकडून गाड्या यायच्या, पण एकेका गाडीत दहा माणसं कोंबलेली. तिला आडवं व्हायला जागा कुठून मिळणार? अ‍ॅलिसला मनासारखी गाडी सापडेना, म्हणून हा पठ्ठ्या बसनं बाराशे किलोमीटर खाली पोर्ट ऑगस्टाला आला होता. त्यानं ती पांढरी स्टेशन वॅगन घेतली, तिच्यात मावेल अशी नवी गादी घेतली आणि उत्तरेचा रस्ता धरला. शुक्रवारी बायकोचं मशीन उरकलं की थेट गाव. सगळं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूबर पेडीला पेट्रोल भरताना मेहुणीचा, मरियनचा फोन आला.

“दाजी, ताईला मोठ्या दवाखान्यात हलवलंय. रक्तात विष पसरलंय म्हणतात. सारखी आईला बोलावतेय. आई तिथंच आहे, कूबर पेडीत, मामाकडे. घेऊन या.”

“मी? अगं, मी कसा आणणार तिला?”

“मग कोण आणणार? गाडी तुमच्याकडे आहे.”

आमच्यात, इथल्या मूळ रहिवाशांत, जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघत नाही, ती येताना दिसली तर वाट सोडतो. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. पंचवीस वर्षं क्लिफर्डनं शिकारीतला सगळ्यात चांगला वाटा सासूला, टिलीम्हातारीला, पाठवला होता, तोही बायकोच्या हातून. तिचा चेहरा कसा आहे, हे त्याला धड सांगता आलं नसतं. अशा दोघांनी एका गाडीत बसायचं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. पण मामाच्या घरचे सगळे दुसऱ्या गावी मयतीला गेलेले, आणि मामा अंथरुणाला खिळलेला.

मरियननं आईला कळवून ठेवलं होतं. क्लिफर्डनं मामाच्या घरासमोर गाडी लावली, हॉर्न दिला, मागचा दरवाजा उघडला आणि लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. दरवाजा आपटल्याचा आवाज आल्यावर परतला. आरसा छताकडे वळवला. मागं टिलीम्हातारी डोक्यावरून घोंगडी घेऊन, मागच्या काचेकडे तोंड करून गादीवर बसली होती. पाठीला पाठ लावून दोघं निघाले.

“कुणाला तरी तहान लागलीय,” तासाभरानं म्हातारी काचेला म्हणाली.

क्लिफर्डनं गाडी थांबवली, पाण्याची बाटली मागच्या बंपरवर ठेवली आणि झुडपापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा बाटली अर्धी होती.

“गाडी बरी आहे,” म्हातारीनं काचेला सांगितलं. “पोरीला ऐसपैस होईल.”

त्याला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

मार्लाला थांबा घेतला. क्लिफर्डच्या मोबाइलनं केव्हाच मान टाकली होती, पण या रस्त्यावरचा प्रत्येक जण मार्लाला थांबतोच, हे मरियनला ठाऊक होतं. गल्ल्यावरच्या गोऱ्या बाईनं त्याला हाक मारून फोन हातात दिला.

“दाजी,” मरियन म्हणाली, आणि पुढं नुसतं रडणं. मग फोनच बंद झाला.

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. म्हणून मीही ते इथं घेतलेलं नाही.

गल्ल्यावरची बाई समजली. “आजीबाईंना मी सांगू का?” तिनं हळूच विचारलं. क्लिफर्डनं नकारार्थी मान हलवली. परक्या बाईनं परक्या भाषेत लेक गेल्याचं सांगायचं? आणि तो स्वतः तर तोंड उघडू शकत नव्हता. तो गाडीत बसला आणि निघाला.

मागून म्हातारी काचेशी बोलतच होती. “तिला कांगारूची शेपटी आवडते. निखाऱ्यात पुरून भाजलेली. दवाखानेवाले खाऊ देतील का कोण जाणे. मी लपवून नेईन.”

क्लिफर्डला ते ऐकवेना. चारशे किलोमीटर हिला असंच आशेवर बसवून न्यायचं? आईनं लेकीसाठी आत्ता रडायला हवं. रडण्याचा तिचा हक्क आपण दाबून ठेवलाय, असं त्याला वाटलं. आणि रडायचं तर त्यालाही होतं.

त्यानं गाडी रस्त्याखाली घेतली. उतरून बॉनेटसमोर गेला, टोपी फेकली, जमिनीवर बसला आणि ओंजळीनं तांबडी माती डोक्यावर ओतून घेत हंबरडा फोडला. आमच्याकडे त्या आवाजाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

मागचं बोलणं थांबलं. मग दरवाजा उघडला, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हातारीचा आवाज उठला. बारीक, लांब, थांबेचना. दोघं दोन टोकांना बसून रडत राहिले. तिला उठून पाणी द्यावं, हात धरावा, असं त्याला फार वाटलं. पण तो जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं तिकडून शब्द आले. “कुणीतरी उठावं आता. माझी पोर तिथं एकटी पडलीय.”

तो उठला.

तीन आठवड्यांनी बायकोला गावी नेलं, ते पेटीतून, मयताच्या गाडीनं. माती झाली. गेलेल्याच्या वस्तू आम्ही जवळ ठेवत नाही, लांबच्या नातेवाइकांना देऊन टाकतो. तिची भांडी, कपडे, घोंगड्या गेल्या. पश्चिमेकडचे लांबचे नातेवाईक निघायला लागले तेव्हा क्लिफर्ड गाडीची किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेला. थोरल्या भावानं, रोनाल्डनं, त्याला मध्येच धरलं.

“खुळा का तू? ही कुठं तिची? एकदा तरी बसली होती का ती हिच्यात?”

“नाही,” क्लिफर्ड म्हणाला. “पण घेतली तिच्यासाठी. दुसऱ्या कुणाची असणार?”

आणि त्यानं किल्ली देऊन टाकली.