किटली वाळेपर्यंत

आमच्या द्रेनोव गावात दाफिनाला चित्रकार म्हणणारा मी, तिचा म्हातारा शेजारी, एकटाच. रोडोपीच्या या डोंगरात माणसं तंबाखू लावतात, मेंढ्या राखतात. चित्रं काढत नाहीत. ती काढायची. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली सासू, नवरा स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडायला गेलेला, आणि खिडकीपाशी तिचा जलरंगांचा डबा.

शहरात प्रदर्शन होतं. चित्र आज दोनच्या बसने गेलं तरच वेळेत पोचणार होतं. तिने घरातली पांढरी एनॅमलची किटली समोर मांडली. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत; तेवढा कागद कोरा सोडायचा आणि भोवतीची सावली ओली आहे तोवर एका दमात ओढायची. हात थांबला की डाग बसतो.

"दाफिने, पाणी!" आतून सासूने, स्तामेना आजीने, हाक मारली.

"पेल्यात आणते, आई."

"पेल्यातलं सगळं अंगावर सांडतं. माझी किटली आण."

किटली आत गेली. परत आली, तोवर सावलीला डाग बसला होता. दाफिनाने नवा कागद घेतला. असं चारदा झालं.

"आई, मुद्दाम करता ना?"

"मग? त्या भांड्याकडे बघतेस तशी कधी माझ्याकडे बघितलंस?"

दाफिनाने कुंचला पुन्हा ओला केला. पाचवा कागद पुरा झाला आणि बसचा भोंगा वाजला. ओलं चित्र दोन्ही तळहातांवर आडवं धरून ती बसपाशी धावत आली. मीही शहराला निघालो होतो, आत बसलो होतो.

"हे ओलं मी कुठं ठेवू, बाई?" ड्रायव्हर ओग्न्यान म्हणाला. "उभं केलं तर तुझी किटली वाहून जाईल. आत चढ, धर तूच."

"घरी आई एकट्या आहेत."

"मग वाळेपर्यंत चल. पुढच्या गावात उतर, सात किलोमीटर तर आहे."

तिने घराच्या खिडकीकडे पाहिलं. मग चढली आणि माझ्या शेजारी बसली. पूल गेला, करवतीची गिरणी गेली. ती मान वळवून वळवून बघत होती, जणू हे सगळं परक्या देशातलं होतं.

तिसऱ्या वळणावर कागदाची चमक गेली. मी कडेला बोट लावून पाहिलं.

"वाळलं गं."

"नाही, आजोबा. ओलं आहे अजून."

ओग्न्यानने आरशातून पाहिलं आणि बस हळू केली. पण पुढचं गाव आलंच. तिने चित्र माझ्या मांडीवर ठेवलं, "जपून न्या" म्हणाली आणि खाली उतरून घराकडचा चढ भरभर चढू लागली. आजीला तहान लागायची वेळ झाली होती.