आत्याची पहिली नोकरी

आमच्या आत्यानं रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा ती तिच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या वयाची होती. लग्नाच्या वेळी दुसऱ्या वर्षाला सुटलेलं कॉलेज तिनं दोन्ही मुलं हाताशी आल्यावर पुन्हा धरलं. वर्गात सगळे तिला 'काकू' म्हणत. मी त्याच कॉलेजात, तिच्या एक वर्ष मागे. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

पहिला वर्ग मिळाला. काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, गल्लीत दिसेल त्याला थांबवून सांगितलं. आता हिची हौस फिटली असंच सगळ्यांनी धरलं होतं. आत्या म्हणाली, "हौस कसली? मला नोकरी करायचीय."

जाहिराती बघून ती अर्ज पाठवायची. बहुतेकांनी उत्तराचीही तसदी घेतली नाही. एका ठिकाणी बोलावणं आलं, तर समोरच्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "मधली इतकी वर्षं काय करत होतात?" तिथे आत्या जी अडखळली, ती अडखळलीच.

मी म्हटलं, "आत्या, कॉलेजात प्लेसमेंटचं ऑफिस आहे. तिथे का जात नाहीस?"

"ते तुम्हा पोरांसाठी गं."

"मग तू फी काय अर्धी भरली होतीस?"

यावर तिला हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ग्रंथालयाच्या जिन्याखालची ती खोली. एक टेबल, एक सतत कुरकुरणारा पंखा, भिंतीवर कंपन्यांची पत्रकं. प्लेसमेंटचे सर मान वर न करताच म्हणाले, "पालकांनी सोमवारी भेटायचं."

"मी पालकही आहे," आत्या म्हणाली, "पण आज विद्यार्थिनी म्हणून आलेय."

सरांनी चष्मा काढला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ते आडपडदा ठेवणाऱ्यांतले नव्हते. कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांना कोवळी पोरं लागतात, तिथे तिची निवड होणं कठीण, असं त्यांनी सांगून टाकलं. "पण या कॉलेजातून शिकून गेलेली माणसं गावभर पसरलीत. त्यांच्याशी ओळख करून घ्या."

आत्या ताठ झाली. "सर, वशिल्यानं मिळालेली नोकरी मला नको."

"वशिला म्हणजे ज्याला येत नाही त्याला आत ढकलणं. ज्याला येतं त्याला दार कुठे आहे ते सांगितलं, तर त्याला वशिला म्हणतात का?"

आत्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग सरांनी सरावासाठी तिची खोटी मुलाखत घ्यायचं ठरवलं. परीक्षक कोण, तर सर, मी आणि माझी एक मैत्रीण. मधल्या वर्षांचा प्रश्न मीच विचारला. आत्या सुरू झाली: सासूबाईंचं आजारपण, मुलं लहान, काकांची फिरतीची नोकरी, तेव्हा जमलंच नाही, माझंही चुकलंच...

सरांनी हात वर केला. "बाई, तुम्ही नोकरी मागताय की माफी?"

आत्या ओशाळली, पण उठून गेली नाही. "पुन्हा विचार," मला म्हणाली. त्या दुपारी मी तोच प्रश्न इतक्यांदा विचारला की माझाच घसा बसला.

पुढच्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. बड्या कंपनीच्या मॅनेजरभोवती पोरांचं मोहोळ जमलं होतं. आत्या तिकडे गेलीच नाही. चहाच्या टेबलापाशी एक बाई एकट्याच उभ्या होत्या. त्या पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख निघाल्या. आत्यानं नोकरीचा विषयच काढला नाही. तिनं विचारलं, "तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?"

बाई खळखळून हसल्या. "हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं!" मग त्या बोलतच सुटल्या. निघताना आत्या म्हणाली, "एकदा येऊन बघितलं तर चालेल का?"

ती जाऊन आली. तिथलं निम्मं काम एका यंत्रावर चालायचं. पाण्याच्या नमुन्यातून प्रकाश सोडायचा, आणि पाण्यानं तो किती शोषला यावरून त्यात काय मिसळलंय ते ओळखायचं. आत्या घरी आली ती कपाळाला हात लावूनच. "अगं, अस्संच यंत्र आपल्या कॉलेजात कापडाखाली झाकून ठेवलंय! आम्हाला फक्त लांबून दाखवलं होतं."

तिनं विभागप्रमुखांना गाठलं. आधी ते कां-कूं करत होते. बिघडलं तर जबाबदार कोण? आत्या म्हणाली, "तुम्ही शेजारी बसा. बिघडायला लागलं की माझा हात धरा." शेवटी त्यांनी परवानगी दिली, आणि ते सुट्टीभर खरंच शेजारी बसले. चार दिवसांनी तेही बाह्या सरसावून कामाला लागले, कारण त्यांनीही ते यंत्र वर्षानुवर्षं चालवलं नव्हतं.

शिकलेलं आत्या प्रयोगशाळेच्या बाईंना अधूनमधून कळवायची. मधे बरेच दिवस तिकडून काहीच आलं नाही. काका धीर द्यायला जायचे आणि स्वतःच खचायचे. मग एका सकाळी बाईंचा फोन आला: जागा निघालीय, अर्ज करा, पण मुलाखत दुसरे घेणार, मी त्यात नसेन.

"हेच बरं," आत्या म्हणाली.

समोर तिघं होते. त्यातला एक तिच्या थोरल्याच्या वयाचा. त्यानंच विचारलं, "मधली वर्षं?"

"घर चालवलं. ते काम नीट पार पाडलं, आणि मग हे शिकायला घेतलं. यंत्र कुठंय? दाखवते."

तिनं नमुना लावला, आकडे काढले, आणि एक आकडा तिला खटकला तेव्हा कुणी न सांगता तोच नमुना पुन्हा लावला. नेमणुकीचं पत्र आठवड्याच्या आत आलं. काका ते वाचून इतके गडबडले की त्यांनी आत्याला वाकून "अभिनंदन मॅडम" म्हटलं, आणि मग दोघंही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसत सुटली.

आज आत्या प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राच्या विभागाची प्रमुख आहे. गल्लीतले लोक औषधाच्या जुन्या बाटल्यांतून तपासायचं पाणी घेऊन दारात येतात, आणि ती बाटली आधी कशी धुवायची इथपासून त्यांना न कंटाळता शिकवते. कॉलेजातल्या मुलींसाठी तिनं प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवलंय. परवा एक घाबरीघुबरी मुलगी फाटकापाशी नुसतीच घुटमळत होती. आत्या हातमोजे काढत स्वतः बाहेर गेली आणि म्हणाली, "काय विचारायचंय? विचार ना."