सटवाई येण्याआधी

टॉकीजमधली ती गार हवा आजही माझ्या अंगावर काटा आणते. सातवा महिना होता, मांडीवर पॉपकॉर्न, बाजूले आमचे हे. पिक्चरमधल्या हिरोले सगळे सांगून राहिले होते, तुझ्या नशिबात हेच लिहिलं आहे, गुमान कर. तो म्हणाला, वर लिहिणारा कोणी नाही. म्हणे, मी चुप राहिलो, तर ते चुप राहणं भी मीच निवडलं. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मले भेव वाटलं. मी नववीत शाळा सुटलेली बाई, मले काय समजते. पण तुम्हीच सांगा, वर कोणीच नाही, तर रडताना बोट दाखवावं कोणाकडे? किती मोकळं आहे ते, अन् किती भेसूर.

मंग दुसरी भी पोरगीच झाली. काटोलच्या नणंदेले लेकरू नाही. सासूबाईनं दवाखान्यातच विचारलं, "लहानी तिले देऊ ना?" मी मान खाली घातली. अन् आमच्यात सुनेनं मान खाली घातली, की ते हो असते.

पाचवीच्या संध्याकाळी काटोलच्या ताई झबलं घेऊन पोरीले न्यायले आल्या. त्या रात्री सटवाई येते अन् लेकराचं नशीब लिहून जाते, म्हणून सासूबाईनं पाटावर कोरा कागद अन् पेन ठेवला. म्हणाल्या, "आज सटवाई काटोलच लिहिन, पाह."

हिरोचं बरं असते, त्याच्यामागं बाजा वाजते. माझ्यामागं कुकर शिट्टी देऊन राहिला होता, टाके ओढून राहिले होते, अन् तोंडातून निघून गेलं, "मी नाही देत."

"काहून वं?" सासूबाई म्हणाल्या, "तू तर हो म्हणली होती."

"भ्याली होती मी, आई."

"अन् सटवाईनं लिहिलं असन तर?"

"तर तिले म्हणा, पहिले माझ्याशी बोल."

ताईच्या डोळ्याले धार लागली. ते रडणं माझ्यामुळंच होतं, सटवाईवर कसं ढकलू? झबलं पिशवीत कोंबून त्या म्हणाल्या, "बारशाले मी येणार नाही."

सासूबाई हसल्या. "घ्या. आत्या नाही, तर कानात नाव कोण सांगन पोरीच्या?"

मले भेव तर वाटूनच राहिलं होतं. पण पोरगी छातीशी होती, गरम, अन् तिचा कान माझ्या तोंडाशीच होता.

"मी सांगीन," म्हटलं.