आईंना वाचून दाखवलेली पुस्तकं

काल दुपारी आई गेल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मॉडर्न आर्ट त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि आज मी कॉलेजात मॉडर्न आर्ट शिकवते, ती त्यांच्यामुळेच. म्हणून हे लिहितेय.

लग्न होऊन सासरच्या गावी, पूर्ण्याला आले तेव्हा माझं कलेच्या इतिहासातलं एम. ए. अर्धवट होतं. पेपर झाले होते, डिझर्टेशन राहिलं होतं.

माहेरून भांड्यांबरोबर पुस्तकांचे खोके आले. आर्ट थिअरी, जुन्या बंडखोर चित्रकारांचे जाहीरनामे, त्यांच्यावरची जाडजूड टीका. सगळं इंग्रजीत, बरंचसं सेकंड हँड.

सासरी कोणी वाईट नव्हतं. पण घरच्या शेतजमिनीवर भाड्याची गोडाऊन उभी राहिलेली, त्यामुळे जेवतानासुद्धा बोलणं ट्रकचं नाहीतर अ‍ॅग्रीमेंटचं. खोके जिन्याखाली गेले. मग मुलगी झाली, आणि मीही तिकडे बघायचं सोडलं.

एका रविवारी मोठ्या दिरांनी, म्हणजे दादांनी, साफसफाई काढली. रद्दीवाल्याला बोलावलं.

"इंग्लिश किताब है, कागज भारी है," तो खूश झाला.

आई पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "वो रद्दी नाय है. सून का है. रख वापस."

दादा म्हणाले, "आई, कोन वाचतंय ते? कधीपासून तशीच पडलीत."

"वाचंल ती."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. खाली यायचा धीर होईना. कारण तोवर मलाही वाटायला लागलं होतं, दादांचंच बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तांदूळ निवडता निवडता आईंनी हाक मारली.

"काल तुझ्यासाठी पोराशी भांडले. आता सांग, काय हाय त्यात?"

आईंना इंग्रजी येत नव्हतं. मी हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. एक ओळ वाचायची, मग मराठीत सांगायची.

निघाला नेमका जाहीरनामा. जुनं सगळं पाडा, बापजाद्यांची चित्रं फेकून द्या, असं म्हणणारी तरुण पोरं.

आईंचे हात थांबले. "या पोरांना आयबाप व्हते का?"

"होते की."

"मंग त्यांना घरात कोनी काय बोललं न्हाय?"

मी हसत सुटले. त्या घरात इतक्या मोठ्यांदा मी पहिल्यांदाच हसले असेन.

मग ते रोजचंच झालं. मुलगी झोपली की आमचा क्लास सुरू. त्यांचे हात चालू, माझं तोंड चालू.

नुसता एका रंगाने भरलेला कॅनव्हास दाखवला तर म्हणाल्या, "बाकीचे रंग संपले असतील."

रोजच्या वापरातली वस्तू उचलून प्रदर्शनात ठेवायची, यावर तर त्या चिडल्याच. "उद्या मी खराटा टांगते भिंतीवर. येतील का लोकं बघायला?"

मी समजावायचे, त्या मान हलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून.

त्या वादात मला कळलं की कॉलेजात मी बरीच वाक्यं नुसती पाठ केली होती. आईंना सांगायचं म्हटलं की ती वाक्यं चालायची नाहीत. आधी मला स्वतःला समजून घ्यावं लागायचं.

एकदा 'अवाँ गार्द' हा शब्द आला. मी सांगितलं, फौजेच्या पुढे जाणारी तुकडी, असा त्याचा मूळ अर्थ.

आई म्हणाल्या, "पुढं गेले ते गेले. मागच्यांना न्यायला कोन आलं?"

मी एकेक पुस्तक काढून उत्तर शोधायला लागले. प्रत्येकात वेगळंच काहीतरी लिहिलेलं.

त्यातूनच डिझर्टेशनचा विषय मिळाला. युनिव्हर्सिटीत पुन्हा नाव घातलं.

पण लिहिणार कधी? मुलगी मांडीवरून उतरायची नाही.

एके दिवशी आईंनी जाहीर केलं, "माझे गुडघे लय दुखतात. अकलोलीला जाते, गरम पान्याच्या कुंडावर. पोरीला पन नेते."

गुडघे दुखत होते हे खरंच. पण तेवढ्यासाठी त्या कधी घर सोडून गेल्या नव्हत्या. तिथे त्यांच्या बहिणीकडे बरेच दिवस राहिल्या. मुलगी परत आली तेव्हा तिच्या केसांना गंधकाचा वास होता, आणि माझं शेवटचं प्रकरण लिहून झालं होतं.

व्हायव्हाला दादांनी स्वतः गाडी काढली. आई बाहेर बाकावर बसून राहिल्या.

"पास?"

"पास. पण सगळं काही परीक्षकांना पटलं नाही, आई."

"असू दे. मना तरी कुठं पटतंय?"

परत येताना माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. दादा पुढे बघतच म्हणाले, "हॉलमध्ये कपाट करून घेऊ. जिन्याखाली ओल येते."

त्या आठवड्यात सुतार आला.

गेले काही महिने आई अंथरुणावरच होत्या. मी उशाशी बसून वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच "काय पन" म्हणायच्या, म्हणजे जाग्या आहेत हे कळायचं.

एकदा विचारलं, "आई, आवडत नव्हतं तर इतकी वर्षं ऐकलंत कशाला?"

त्यांना बोलायला दम लागत होता. तरी सावकाश बोलल्या.

"तू नवी आलीस तवा गप गप असायचीस. इचारलं तेवढंच बोलायचीस. पुस्तक उघडलं की तुझा आवाज मोठा व्हायचा. मना तो ऐकायचा व्हता."



आई, या घरात मी बोलायला लागले ती तुमच्यासमोर. आज वर्गात उभी राहते तेव्हाही आधी तुम्हालाच सांगतेय असं वाटतं.

खूप दिलंत. आता शांत झोपा.

तुमच्या सुनेचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.