रोल्लातला जबाब

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी आता विसरलो आहे. हे एक मात्र डोक्यातून जात नाही, आणि खरं म्हणजे ते माझ्या नोकरीतलं नाहीच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अबुधाबीत मुलीकडे राहायला गेलो होतो.

आमच्याच इमारतीत एक मराठी कुटुंब होतं. वडील तेल कंपनीत, आई घरी, एकुलता एक मुलगा चोवीस वर्षांचा, तिथंच वाढलेला. नोकरीला लागण्याआधी दोन महिने पाठीवर बॅग टाकून लिस्बनपासून अथेन्सपर्यंत फिरायचं, स्वस्त हॉस्टेलांत राहायचं, असा त्याचा बेत होता. सोबतीला इंटरनेटवर जमलेले तीन परदेशी प्रवासी. निघताना आईनं औक्षण केलं, शेजाऱ्यांना पेढे वाटले, वडिलांनी विमानतळावर सोडलं. मग रोज फोटो येऊ लागले. हॉस्टेलचे दुमजली पलंग, सगळ्यांनी मिळून शिजवलेला पास्ता, समुद्र.

तिसऱ्या आठवड्यात आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वडिलांनी मुलाला कळवलं ते आपल्या घरांत कळवतात तसंच: "आईला जरा बरं नाही, काळजी करू नकोस, तुझी ट्रिप पूर्ण कर." पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. मुलगा फोन उचलेना. वडील माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, कुठं शोधू त्याला? ती मध्येच शुद्धीवर येते आणि त्यालाच विचारते."

मी त्यांच्या मोबाइलवरचे फोटो पाहिले. ते तिघे प्रवासी प्रत्येक फोटोत, मुलगा एकातही नाही. तोच फोटो काढत असेल, असंही मानलं. मग त्यानं पाठवलेला आवाजी संदेश ऐकला. "पापा, सेव्हिल इज अमेझिंग," असं तो सांगत होता आणि मागून कुणी ओरडत होतं, "पाँच दिरहम, पाँच दिरहम!" स्पेनमध्ये दिरहमात कोण विकतं? माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं.

मुलाचा एक शाळासोबती तिथं बँकेत होता. त्याला खालच्या कॅफेटेरियात बोलावलं, चहा मागवला, आईची अवस्था सांगितली आणि पुढं काहीच विचारलं नाही. पोलीसवाला गप्प बसला की समोरच्याला ती शांतता सहन होत नाही. चहावर साय धरायच्या आत तो बोलला.

"अंकल, तो शारजाला आहे. तिथल्या रोल्ला भागात बेड-स्पेस घेतलीय. लास्ट मिनिटला व्हिसा रिजेक्ट झाला. घरचा कॉल तो उचलत नाही, पण माझा उचलेल. आत्ता सांगतो, टॅक्सी पकडून येईल."

मी त्याचा फोन घेऊन स्वतःच्या खिशात घातला. संशयिताला आधी सुगावा लागू द्यायचा नाही, हे अंगात मुरलेलं. वडिलांना एवढंच कळवलं, की पत्ता लागलाय, शारजातच आहे, घेऊन येतो. त्या शाळासोबत्याच्याच गाडीनं शारजाला पोचायला दोन तास लागले.

जुन्या इमारतीतल्या त्या खोलीत आठ जणांनी भाड्यानं घेतलेले आठ पलंग होते. बाकीचे कोकणातले कामगार साइटवर गेलेले. वरच्या पलंगावर हा एकटाच मोबाइल बघत पडला होता. मला पाहून ताडकन उठून बसला.

आई गंभीर आहे, चल, एवढंच म्हणायचं होतं मला. मी ते म्हटलं नाही. आईचं कळलं की हा कोसळेल आणि खरं बाहेर यायचं राहून जाईल, म्हणून राखून ठेवलं. मित्रालाही डोळ्यांनी दटावलं. मुलाला म्हटलं, "पहिल्यापासून सांग."

त्यानं सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी नकार आला होता. "आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, अंकल. आय कुडन्ट." वडील विमानतळावरून परतले तसा तो बाहेर पडला आणि बसनं रोल्लाला आला. त्या तीन प्रवाशांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, तरी ते रोज फोटो पाठवत होते, आणि तेच हा घरी धाडत होता. नेपल्सच्या हॉस्टेलात त्यांनी एका रिकाम्या पलंगाच्या उशीवर त्याच्या नावाचा कागद ठेवला होता. तो फोटो मला दाखवताना पोरगा रडला. मी तारखा विचारत होतो.

चाळीस मिनिटांत जबाब पुरा झाला, कुठंही विसंगती नाही. मग मी आईचं सांगितलं. तो चपला न घालताच जिना उतरला.

इस्पितळात वडील कॉरिडॉरमध्येच भेटले. "वीस मिनिटं झाली," ते म्हणाले, "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती." मुलगा आत धावला. वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही तरी काय करणार, साहेब? सापडल्या सापडल्या निघाला असाल. ट्रॅफिक लागलं असणार."

"हो," मी म्हणालो, "ट्रॅफिक होतं."

खरं शोधून काढण्याचा मला उभ्या आयुष्यात अभिमान होता. ते कुणासाठी शोधतोय, हे त्या दुपारी मी विसरलो, आणि विसरल्याचं कबूल करायची वेळ आली तेव्हा चक्क खोटं बोललो. त्या चाळीस मिनिटांचं मुलानं वडिलांना आजवर काही सांगितलेलं नाही. भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याच्या डोळ्यांकडे मला बघवत नाही.