लाकडाच्या आकड्यावर धातूचा पंखा

विमानाच्या नाकावर जे फिरतं, त्याला शिकलेली माणसं प्रोपेलर म्हणतात. सुतार आपला पंखाच म्हणायचा, आणि त्याला कोण काय बोलणार, तो त्यानं स्वतः तासला होता. नुसता पंखाच कशाला, अख्खं दोन माणसांचं विमान त्यानं नि धाकट्या भावानं कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून उभं केलं. बांधायचं सुतारानं, उडवायचं धाकट्यानं. सुताराला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं.

लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सुतार पंख्याचे सहाही बोल्ट तपासायचा. फार आवळलं की लाकूड चेपतं. त्यासाठी एक पाना होता. त्यावर जोराचा आकडा लावून ठेवायचा, तेवढा जोर झाला की पाना टक् वाजायचा. आकडा कोणी हलवू नये म्हणून सुतारानं त्यावर चिकटपट्टीच गुंडाळली होती.

मग धाकट्यानं कुठूनसा धातूचा पंखा पैदा केला.

"दादा, तुझा पंखा देखणा आहे रे, पण वर चढताना त्याला धाप लागते."

"तुझं पोट कमी कर, नाही लागणार."

"ते तुझ्या भावजयीला सांग."

सुतार दोन दिवस शेडकडे फिरकला नाही, तिसऱ्या दिवशी कामाला लागला. नवा पंखा जड, नाक खाली झुकू नये म्हणून बॅटरी शेपटीकडे सरकवली. तपासणीचे साहेब म्हणाले, पंख्याची जात बदलली, जुना परवाना चालायचा नाही. आधी पाच तास एकट्यानं, वस्तीपासून लांब उडवून दाखवा. भावजयीनं हे ऐकलं नि ती शेडच्या दारात आली.

"भाऊजी, तुमच्या भरवशावर सोडतेय यांना."

"मी केलेली खुर्चीसुद्धा कधी डुगडुगली नाही, पोरी."

नवे बोल्ट घातले. पाना फिरवला. टक्. सहा वेळा टक्. पंख्यासोबत आलेल्या कागदावर धातूसाठी दुपटीहून मोठा आकडा छापला होता, आणि सुतारानं तो वाचलाही होता. पण एवढ्या वर्षांचा कान! टक् ऐकलं की काम झालं, एवढंच त्याला ठाऊक. पाना पुसून पेटीत गेला.

पहिले दोन तास विमान झकास उडालं. तिसऱ्या तासाला सुतार मैदानाच्या कडेला पेटी आवरत होता. पान्याची पट्टी सुटू लागली होती. नीट करायला पाना उचलला, तर खालचा आकडा दिसला. लाकडाचाच, जुना. तो विमानाशी बोलायच्या रेडिओच्या खोलीकडे धावत सुटला.

"उतरवा त्याला! आत्ता उतरवा!"

रेडिओवाल्यानं बटण दाबेपर्यंत वरचा आवाज बदलला. आधी खडखड, मग एकच तडाखा, मग काहीच नाही. पंखा निखळून एकीकडे गेला, विमान दुसरीकडे.

धाकटा जगला. कमरेखालचं अंग मात्र गेलं.

इस्पितळात साहेब वही घेऊन आले. "बोल्ट कोणी आवळले?"

"मी," धाकटा छताकडे बघत म्हणाला.

"साहेब, माझा मार स्वतः खायची याला लहानपणापासून खोड आहे," सुतार म्हणाला. "मी आवळले. आकडा बदलायचा राहिला. लिहा."

"दादा, गप्प बस ना."

"गप्प बसून तुझे पाय येणार आहेत का?"

साहेबांनी लिहिलं. सुताराला पुन्हा विमानाला हात लावायची बंदी झाली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. खाटेशी भावजय उभी होती. तिला हे आत्ता कळत होतं.

"भाऊजी, उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो गेलाच. वर नाही, जिन्यालगतच्या बाकावर. असे अकरा दिवस. भावजय समोरून यायची-जायची, बाकावर कोणी नसल्यासारखी. बाराव्या दिवशी थांबली.

"यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. माझ्याशी बोलू नका. नुसतं धरा."

सुतार उठला आणि तिच्या मागं जिना चढू लागला.